व्हाळाकाठचं रान, बेडूक आणि साप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी, दोडामार्ग, पलीकडे गोव्यातली सत्तरी, वर आंबोली-चंदगड. या पट्ट्यात ज्यांच्याकडे मालकीचं रान आहे त्यांच्याकडून, तोड करताना व्हाळाकाठचं रान का आणि किती राखायचं याबद्दल, गेली काही वर्षं हेच प्रश्न फिरून फिरून येतात. कुणाला काजू लावायचा असतो, कुणाचा ठेकेदाराशी सौदा झालेला असतो, कुणाला फक्त कुतूहल. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. रत्नागिरीकडच्यांनी ‘व्हाळ’ म्हटलेलं तिथं ‘पऱ्या’ वाचावं, घाटावरच्यांनी ‘ओढा’.

काठचं रान म्हणजे नेमकं कुठलं?

व्हाळाच्या दोन्ही बाजूंना, तोड करताना मुद्दाम हात न लावता सोडलेला पट्टा. त्यात नुसती मोठी झाडं धरू नका. खालची झुडपं, वेली, केवड्याची बेटं, दगडांवरचं शेवाळ, पडलेलं कुजकं लाकूड आणि पातेरा, म्हणजे गळलेल्या पानांचा थर, हे सगळं त्यात येतं. जांभूळ, करंज, उंबर तेवढे ठेवले आणि खालून कोयत्यानं सगळं साफ केलं, तर ती बाग झाली. बेडकाच्या दृष्टीनं तिथं रान उरलं नाही.

बेडकाला पाणी मिळालं की झालं ना? झाडं कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि गैरसमजही इथूनच सुरू होतो.

बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणीही कातडीतूनच शोषतो. ती कातडी ओली राहिली तरच हे जमतं. वरची सावली गेली की दुपारी दगड तापतात, हवेतला दमटपणा उतरतो आणि पाण्यापासून दहा पावलं लांब जाणंही त्याला महाग पडतं. उथळ पाणी तापलं की त्यातला विरघळलेला प्राणवायूही घटतो, ते पिल्लांना भोवतं.

दुसरी गोष्ट माती. उतारावरचं रान कापलं की पहिल्याच मृगात तांबडी माती व्हाळात येते. पाणी गढूळ झालेलं सगळ्यांना दिसतं, पण खरं नुकसान तळाशी होतं. दगडांमधल्या फटी गाळानं बुजतात. बेडकांची पिल्लं वाहत्या पाण्यात तग धरतात ती त्या फटींच्या आधारानं. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियाच्या रेडवुड जंगलात १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये, महामार्गाचं काम चालू असताना, वादळी पावसानं मोकळी माती काही ओढ्यांत वाहून आणली. संशोधकांनी गाळ आलेले पाच ओढे आणि न आलेले पाच ओढे ताडून पाहिले. गाळाच्या ओढ्यांत तिथल्या बेडकाची आणि सॅलॅमँडरची (हा शेपटीवाला, सरड्यासारखा दिसणारा उभयचर) पिल्लं स्पष्टपणे कमी होती. झाडं दोन्हीकडे उभीच होती. फरक पडला तो फटी बुजल्यामुळे.

तिसरी गोष्ट अन्नाची. व्हाळात पडणारं पान कुजतं, त्यावर किडे जगतात आणि किड्यांवर बेडूक. रानातल्या लहान ओहोळाचं स्वयंपाकघर काठावरची झाडंच चालवतात.

आमचा व्हाळ जानेवारीतच आटतो. कोरड्या व्हाळाला कसला पट्टा?

पट्ट्याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते.

आंबोलीत वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले सात-आठ महिने उन्हाळ्याच्या वाटेवरचे. जुलैत बेडकाला सगळीकडे ओल असते, तेव्हा तो सावलीवाचून भागवू शकतो. फेब्रुवारी ते मे यांत मात्र त्याचं जगणं चार-दोन जागांवर येऊन ठेपतं: एखादी कोंड (डोह), मुळांखालची ओलसर पोकळी, दगडाखालचा चिखल. या जागा मे अखेरपर्यंत ओल्या राहतील की नाही, हे वरची सावली ठरवते.

एक जागा मी दरवर्षी पाहतो. दोन व्हाळ एकमेकांना मिळतात, दोन्ही फेब्रुवारीत वाहायचे थांबतात. एकाच्या काठी अजून जुनं रान आहे, दुसऱ्याचे काठ पोकलेननं खरवडलेले. एप्रिलमध्ये पहिल्या व्हाळातला ताटाएवढा दगड उचलला तर खाली बोट ओलं होतं आणि एखादा बोटाच्या पेराएवढा बेडूक अंग चोरून बसलेला सापडतो. दुसरीकडे दगड उचलला की धूळ उडते. अंतर शंभर पावलांचंही नाही.

नकाशावर नसलेले, नाव नसलेले, गुडघ्याएवढे हे फाटे. तोड करताना सगळ्यात आधी बळी जातात ते हेच, कारण कुणाला ते व्हाळ वाटतच नाहीत.

आपल्याकडच्या कोणत्या बेडकांचा काठाच्या झाडांशी थेट संबंध आहे?

सुरुवात रातबेडकांपासून करू, म्हणजे नाइट फ्रॉग. हा गट जगात फक्त पश्चिम घाटात सापडतो. त्यातला बॉम्बे नाइट फ्रॉग पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा ओल्या दगडावर अंडी घालतो. नर पानावर बसून मादीला साद घालतो. कोयनेजवळच्या हुंबर्ली भागात त्याचं मीलन टिपलं गेलं आणि २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नर मादीला घट्ट मिठी न मारता तिच्या पाठीवर नुसता टेकतो आणि बाजूला होतो, अंडी त्यानंतर येतात. बेडकांत ही तऱ्हा तोवर कुणी नोंदवली नव्हती. अंडी काचेच्या मण्यांसारखी पारदर्शक असतात, आत वळवळणारं पिल्लू बॅटरीच्या उजेडात दिसतं. वाढ झाली की ते टपकन खाली पाण्यात पडतं. पाण्यावर झुकलेली फांदी तुम्ही ‘वाटेत येते’ म्हणून छाटली, तर त्या फांदीबरोबर पाळणाघरही गेलं.

या बेडकाला शास्त्रीय नाव मिळालं आहे मुंबईचे पक्षिअभ्यासक हुमायून अब्दुलाली यांचं. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबावी म्हणून त्यांनी लेखणी झिजवली होती, आणि १९८७ मध्ये भारतानं ती निर्यात बंद केली. सत्तरीकडे अजून पहिल्या पावसात ‘जंपिंग चिकन’साठी, म्हणजे बेडकाच्या मांसासाठी, टॉर्च घेऊन निघणारे आहेत. त्यांना एवढंच सांगतो की हा गुन्हा आहे.

दुसरा ‘इंडिराना’ गट. यातली आंबोलीची एक जात २०१४ मध्ये नोंदली गेली, तिचं शास्त्रीय नाव ‘चिरावासी’. कोकणातल्या माणसाला चिरा म्हटलं की जांभा दगड आठवेल, पण इथे चिरा म्हणजे भेग, कातळाच्या भेगेत राहणारा. या गटाची पिल्लं डबक्यात पोहत नाहीत. ओल्या कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहतो, त्यात ती चिकटून असतात. बोट जवळ नेलं की शेपटीच्या झटक्यानं टणकन उडतात. हा पापुद्रा किती नाजूक असतो ते पाहा: दोन दिवस पाऊस उघडला आणि ऊन थेट कातळावर पडलं, की सुकला. वर छत्र असेल तर तो जास्त टिकतो.

मलबारी उडता बेडूक तुम्ही पाहिला असेल, हिरवागार, बोटांमध्ये लालसर पडदे. पाण्यावरच्या फांदीला तो फेसाचं घरटं लावतो. तिथंही हिशोब तोच: खाली पाणी, वर पान.

आणि देवगांडूळ. ना गांडूळ, ना साप. हा बिनपायाचा उभयचर आहे, मातीत राहतो. त्यातल्या इक्थिओफिस गटाची मादी काठाजवळच्या ओल्या मातीत अंडी घालून त्यांच्याभोवती वेटोळं करून बसते, आणि पिल्लं पाण्यात उतरतात. काठ खरवडला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. दुतोंड्या समजून कुदळीनं मारले जातात ते निराळेच.

मग पट्टा किती रुंद ठेवायचा? एक आकडा सांगा.

एक आकडा सांगितला तर खोटं बोलल्यासारखं होईल. रुंदी तुम्हाला पट्ट्यातून काय हवं आहे त्यावर ठरते.

माती अडवायची आणि पाण्यावर सावली धरायची, एवढंच हवं असेल तर तुलनेनं अरुंद पट्टाही बरंच काम करतो. काठावरची हवा रानातल्यासारखी गार आणि दमट ठेवायची तर जास्त लागतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यासाठी प्रत्येक बाजूला किमान ४५ मीटर हवेत असं निघालं. प्राण्यांना वर्षभर लागणारी सगळी जमीन मोजायला गेलं तर आकडा आणखी फुगतो. २००३ मध्ये दोन संशोधकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले: पाण्याच्या काठापासून उभयचर १५९ ते २९० मीटर आणि सरपटणारे प्राणी १२७ ते २८९ मीटरपर्यंतची जमीन वापरतात, असा त्यांचा हिशोब होता.

तिकडच्या सरकारी जंगलांत १९९४ पासून लागू असलेल्या योजनेत मासे असलेल्या ओढ्याला दर बाजूला साधारण ३०० फूट, मासे नसलेल्या बारमाही ओढ्याला १५० फूट आणि हंगामी ओढ्याला १०० फूट असे राखीव पट्टे धरले आहेत. हंगामी ओढा त्यांनी यादीतून वगळला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्या सातबाऱ्यावर या. व्हाळाची लांबी १०० मीटर आणि दोन्ही बाजूंना ३० मीटर सोडले तर ६,००० चौरस मीटर जातात, म्हणजे सुमारे साठ गुंठे. ज्याची जमीनच दोन एकर, त्याला हे सांगणं म्हणजे थट्टा. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर सोडले तर वीस गुंठे. पलीकडचा काठ शेजाऱ्याचा असेल तर तुमच्या वाट्याला दहाच.

माझा सल्ला असा असतो: रुंदीवर घासाघीस करण्याआधी दोन गोष्टी सांभाळा. उगम, म्हणजे झरा फुटतो ती जागा आणि तिच्या वरचा उतार. आणि सलगता. दहा मीटरचा न तुटलेला पट्टा, तीस मीटरच्या पण मध्ये चार ठिकाणी रस्त्यानं आणि मोकळ्या तुकड्यांनी तोडलेल्या पट्ट्यापेक्षा मला जास्त पटतो. उतार जिथं तीव्र, तिथं पट्टा रुंद करा. सपाटीवर थोडा आवळला तरी चालेल.

हे आकडे अमेरिकेतले. इथे ते कशाला लावायचे?

जसेच्या तसे लावू नयेतच. तिथला शेपूटवाला बेडूक बारमाही गार ओढ्यात राहतो, त्याची पिल्लं तोंडानं दगडाला चिकटून एक ते चार वर्षं पाण्यातच काढतात. आपल्या व्हाळातल्या पिल्लांना तेवढी सवड कुठली, पाणी आटायच्या आत त्यांना पाय फुटावे लागतात. पाऊस निराळा, झाडं निराळी, जमिनीची मालकी निराळी. पण सावली, गाळ आणि दमटपणा यांचं गणित सगळीकडे सारखं चालतं. उलट तिथं तोडीनंतर चौदा ते चाळीस वर्षं उलटलेल्या ओढ्यांतही उभयचर कमी आढळले होते, हे १९८९ च्या ओरेगनमधल्या अभ्यासातलं निरीक्षण आपल्या कूप पाडणाऱ्यांनी, म्हणजे रानाचा आखलेला तुकडा तोडणाऱ्यांनी, लक्षात घ्यावं. आपल्याकडे मालकी रानात पुढची तोड बहुतेकदा त्याआधीच येते.

काठ राखला तर साप वाढतील ना?

खरं विचारायचं असतं ते हेच, बेडूक निमित्त.

सरपटणाऱ्या प्राण्यांचं उत्तर बेडकांइतकं सरळ नाही. त्यांना ऊन लागतं. रान थोडं उघडलं तर काही सरड्यांची आणि सापसुरळ्यांची चंगळच होते. म्हणून ‘पट्टा ठेवला की सगळे सरपटणारे वाढतात’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. ज्यांना पट्टा खरोखर लागतो ते वेगळे: मलबारी चापडा हा विषारी साप, जो रात्री व्हाळावरच्या फांदीवर किंवा मुळावर तासन् तास हलत नाही आणि खालून जाणाऱ्या बेडकाची वाट पाहतो. बेडूक खाणारे नानेटीसारखे लहान साप. दगडांच्या सावलीत दिवसा हिंडणाऱ्या, गोल बुबुळांच्या छोट्या पाली. या सगळ्यांचं ताट बेडूक-किड्यांनी भरतं, ते गेले की हेही जातात.

आता भीतीबद्दल. कोकणात ज्याच्या चाव्याची धास्ती असते ते फुरसं उघड्या, तापलेल्या, दगडाळ जागेतलं जनावर. गार सावलीचा व्हाळ त्याच्या आवडीचा नाही. चापडा चावतो, वेदना आणि सूज भरपूर येते, पण तो अंगावर धावून येत नाही. चावे होतात ते बहुधा न पाहता फांदी धरली म्हणून. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर बनते, चापड्यासाठी खास नाही. तरी चावल्यावर गावठी उपाय न करता दवाखाना गाठायचाच. काठावर काम करताना हातात बॅटरी आणि पायात गमबूट, एवढं पुरतं.

काजू, रबर, सुपारी हीसुद्धा झाडंच. त्यांची सावली चालत नाही का?

थोडी चालते, पण सारखी नाही.

काजू वर्षभर हिरवा असतो, सावली देतो. पण बी वेचायला सोपं जावं म्हणून फेब्रुवारी-मार्चपासून खालची जमीन झाडून लख्ख ठेवतात. छप्पर आहे, घरात सामान नाही. रबराची गंमत उलटी: ऐन जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पानगळ होते, म्हणजे व्हाळाला सावली हवी तेव्हाच वर आकाश. सागाचंही तेच, शिवाय त्याच्या मोठ्या पानांवरून पडणारे टपोरे थेंब खालची उघडी माती उडवतात.

गोव्यातलं जुनं कुळागर मात्र वेगळं. सुपारीखाली केळ, वेलची, मिरवेल, कडेला कोकम आणि रानातली चार झाडं, पाटाचं पाणी बाराही महिने. तिथं रात्री उभं राहा, कान भरून जातील. रानाची जागा ते घेत नाही, पण झाडलोट केलेल्या एकपिकी बागेपेक्षा कितीतरी बरं.

काजूवर ढेकण्या किडीसाठी फवारणी करावीच लागते. तिचं काय?

मोहोर आणि पालवीच्या वेळी, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फवारण्या होतात. नेमकं तेव्हाच व्हाळातलं पाणी आटत आलेलं असतं, त्यामुळे थोडं औषधही त्यात जास्त तीव्र होतं. काठापासूनच्या पहिल्या दोन ओळी फवारू नका, वारा व्हाळाकडे असेल त्या दिवशी पंप उचलू नका आणि पंप व्हाळात धुऊ नका. ही तिसरी चूक सर्रास होते. तणनाशकांबद्दलही सावध राहा: ग्लायफोसेटच्या काही औषधांत पानाला चिकटण्यासाठी घातलेला साबणासारखा घटक बेडकांच्या पिल्लांना घातक ठरतो. काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारल्यावर केरळच्या कासरगोडमध्ये माणसांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशानं ते बंद झालं.

नाला खोलीकरण किंवा वनराई बंधारा केला तर बेडकांना पाणीच वाढेल ना?

पोत्यांचा हंगामी वनराई बंधारा एखाद्या ठिकाणी चालतो. पण लागोपाठ पाच-सहा घातले की वाहता व्हाळ म्हणजे डबक्यांची माळ होते. वाहत्या पाण्यातले बेडूक हटतात, डबक्यातले येतात. संख्या कदाचित वाढेलही, पण जे फक्त सह्याद्रीतच आहेत ते जातील.

खोलीकरणाबद्दल मात्र मी रागानंच बोलतो. माझ्या ओळखीच्या एका गावात दोन दिवसांत अर्धा किलोमीटर व्हाळ सरळ, रुंद आणि गुळगुळीत झाला. कडेची उंबरं मुळासकट काठावर आडवी पडली होती. फलक लागला, फोटो निघाले. पुढच्या पावसात दोन्ही काठ ढासळले आणि खालच्या शेतात वाळू आली. पठारी मुलखात, गाळानं भरलेल्या नाल्यात या कामाचा उपयोग असेल. घाटउतारावरच्या दगडी व्हाळात त्याचं काही काम नाही.

भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, काठावरचा पातेरा नेतो. तेवढ्यानं काय होतं?

पातेरा म्हणजे बेडकाचं पांघरूण. तरव्याच्या भाजावळीला तो लागतो हे मान्य. मग काठाचे दहा मीटर सोडून वरच्या उतारावरून घ्या, आणि दरवर्षी एकाच जागेवरून नको. वणव्याला मात्र काठाशी अजिबात येऊ देऊ नका.

देवराया म्हणजे हेच नव्हे का?

बऱ्याच ठिकाणी हो. जुन्या माणसांनी राई राखली ती अनेकदा झऱ्याच्या तोंडाशी. सत्तरीतल्या बांबर इथली निरंकाराची राई पाहा: देवाच्या धाकानं टिकलेली रानजायफळाची दलदल, झाडांची मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथंही तशी जागा आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाच्या देवळापाशी २०२० मध्ये माशाची नवी जात सापडली, ती उगाच नाही. उगमावर हात टाकायचा नाही, हा नियम इथल्या माणसाला नवा नाही. राई सोडून खाली आलं की तो विसरला जातो, एवढंच.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा आहे, गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा. मालकीच्या जमिनीतही बऱ्याच झाडांची तोड परवानगीशिवाय करता येत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तोडीवर बंदी घातली. सौदा करण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन आपल्या गट नंबराला काय लागू आहे ते विचारा. ठेकेदार ‘सगळं मी बघतो’ म्हणाला तर नक्कीच विचारा.

पट्टा ठेवला म्हणजे सगळे बेडूक वाचले?

नाही. आंबोलीचा पिवळ्या पट्ट्यांचा भेक (खरबरीत कातडीचा बेडूक) सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, उथळ पाण्यात वाढतो, त्याला व्हाळाशी देणंघेणं नाही. झुडपी बेडकांच्या अंड्यातून थेट इवलासा बेडूकच निघतो, पाण्यात पोहणारं पिल्लू नसतंच, त्यामुळे ते उतारभर पसरलेले असतात. त्यांच्यासाठी वरचं रानही लागतं.

तोड होऊन गेली आहे. आता काय करता येईल?

पहिली दोन वर्षं काही लावू नका, फक्त राखा. गुरं आणि कोयता आत जाऊ दिला नाही तर बुंध्यांना धुमारे फुटतात, तेच सगळ्यात लवकर वाढतात. मोकळं राहील तिथं करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज, भेरलीमाड अशी काठाचीच झाडं लावा. व्हाळात आडवी पडलेली लाकडं ओढून काढू नका, त्यांच्या आडोशाला पाणी साचतं.

आमच्या व्हाळात काय आहे ते कसं कळेल?

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रात्री आठनंतर दोघं जण जा, एकट्यानं नको. आधी पाच मिनिटं बॅटरी बंद ठेवून ऐका. मग पाण्यावर झुकलेल्या पानांची खालची-वरची बाजू पाहा, ओल्या कातळावर उजेड तिरका टाका. हीच फेरी एप्रिलमध्ये दिवसा करा, खरी परीक्षा तीच. दगड उचललात तर अलगद, होता तसाच परत ठेवा. बेडूक हातात घेऊ नका, आणि एका व्हाळातून दुसऱ्यात जाताना बूट घासून, वाळवून घ्या. बेडकांच्या कातडीला होणारा बुरशीचा रोग उत्तर पश्चिम घाटातही आढळला आहे, आणि तो चिखलाबरोबर बुटाला लागून जाऊ शकतो.